कमवा, शिका आणि एका पंगतीला बसा



कोल्हापुरात दसरा चौकात उभं राहिलं की बोर्डिंगच्या इमारती नजरेला पडतात. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून राजर्षी शाहू महाराजांनी हे काम हाती घेतलं आणि पुढं एकेका समाजाला जागा देऊन, जमिनी देऊन वसतिगृहं उभी केली. महाराजांना कुणब्याच्या घरातला हिशोब ठाऊक होता. पोरगं शाळेला गेलं की शेतातले दोन हात कमी होतात आणि शहरात त्याच्या दोन वेळच्या भाकरीचा खर्च वाढतो. फी माफ केली तरी भाकरीचा प्रश्न राहतोच. शिक्षणाच्या वाटेवरची पहिली अडचण पोटाची आहे, हे ओळखणारा राजा आपल्याला लाभला.

याच शहरात राजाराम हायस्कूलमध्ये एक उंचापुरा मुलगा शिकत होता. भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म 22 सप्टेंबर 1887, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. घराणं दिगंबर जैन, म्हणून मुक्काम जैन बोर्डिंगात. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं आणि भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. परत आल्यावर बोर्डिंगात त्यांना सांगितलं गेलं, आधी आंघोळ करा, मगच भोजनगृहात पाऊल टाका. भाऊरावांनी आंघोळीला नकार दिला. माणसाला शिवून आल्यावर कसली आंघोळ? गोष्ट वाढली आणि बोर्डिंग सुटलं.

हा प्रसंग पुष्कळांना माहीत आहे. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. भांडण वर्गात झालं नाही, देवळात झालं नाही, जेवणाच्या दारात झालं. जातीची भिंत सर्वांत पक्की कुठं असते, तर पंगतीत. भाऊरावांनी पुढं आयुष्यभर जे केलं, त्याचं मूळ मला या दारात दिसतं. धर्म त्यांनी सोडला नाही. पण अन्नाला विटाळ होतो, हे मात्र त्यांनी कधी मान्य केलं नाही.

शिक्षण अर्धवट राहिलं आणि भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकू लागले. लोखंडी नांगरानं जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. तो काढायचा तर बांधावर जाऊन, मातीत उतरून बोलावं लागे. गावोगाव हिंडताना त्यांना शेती कळली आणि शेतकऱ्याची न शिकलेली मुलंही दिसली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारानं तोवर मनात घर केलंच होतं. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक परिषदेत त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 पासून संस्थेचा कारभार साताऱ्यातून सुरू झाला आणि तिथं वसतिगृह निघालं. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं नाव ठेवलं गेलं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. ज्या राजानं कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, त्याचंच नाव.

मात्र इथं एक मोठा फरक होता. कोल्हापुरातली बहुतेक बोर्डिंगं त्या त्या जातीची, त्या त्या धर्माची. काळच तसा होता, आणि प्रत्येक समाजाला हाताशी धरून पुढं आणायचं तर महाराजांना तोच मार्ग खुला होता. साताऱ्यात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन सगळ्यांची चूल एकच. स्वयंपाक मुलांनी मिळून करायचा, भांडी घासायची, झाडलोट करायची आणि शेजारी शेजारी बसून जेवायचं. ज्या आईनं घरी दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं, तिचं पोर इथं कुणाच्याही हातची भाकरी खात होतं. हे 1920 च्या दशकात, शेतकरी मुलखात घडत होतं, हे ध्यानात घ्या.

या चुलीला धान्य कुठून यायचं? खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या मूठमूठ धान्य बाजूला काढून द्यायच्या. ज्याच्या घरी पैसा नाही, तोही मूठभर ज्वारी देऊ शकतो, आणि मग ती शाळा त्याची स्वतःची होते. तेवढ्यानंही भागायचं नाही. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरून दिले, शेवटी मंगळसूत्रही. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. 1930 साली त्या गेल्या. रयत संस्थेच्या इतिहासात कर्मवीर भाऊरावांचं नाव मोठ्या अक्षरांत येतं, ते योग्यच आहे. पण त्या पंगतीचा भार या माऊलीनं उचलला होता, हे कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये.

दानावर कायम जगायचं नाही, हा भाऊरावांचा बाणा. म्हणून मुलांच्या हातात कुदळ आणि खोरं आलं. शेतात राबायचं, दगड फोडायचे, इमारतीची कामं करायची आणि त्या श्रमावर जेवणाचा, शिक्षणाचा खर्च भागवायचा. 1940 साली निघालेल्या संस्थेच्या महाराजा सयाजीराव विद्यालयाची घडी याच पायावर बसवली. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद असं मातीत कमावलेलं आहे. भाकरी फुकट मिळाली की देणाऱ्याचे उपकार होतात. कष्टाची असली की खाणाऱ्याची मान ताठ राहते. भाऊरावांना मुलांची ही मान ताठ हवी होती.

कष्टावर शिकण्याची ही रीत पुढं कोल्हापुरात परत आली. 1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. या विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजनेवर खेड्यातली मुलंमुली शिकून गेली, आजही शिकतात. त्याआधी दहा वर्षं, 1952 साली गारगोटीला डॉ. जे. पी. नाईकांनी ग्रामीण शिक्षणासाठी मौनी विद्यापीठ काढलं, पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव देऊन. श्रद्धा, शाळा आणि शेती यांची सांगड घालायची या मातीची खोडच आहे म्हणा.

आजचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेव्हा भूक होती. आज पंचगंगेच्या काठी ऊस आहे, कारखान्याचं बिल आहे, पण उसाच्या फडाशेजारी राहणारं घर मेथीची जुडी आणि किलोभर तूरडाळ बाजारातून आणतं. एकाच पिकाला पाणी आणि खत पाजून जमीन थकली आहे, काही ठिकाणी मीठ फुटून नापीक झाली आहे. कणेरीच्या सिद्धगिरी मठावर एका एकरात शंभरावर पिकं घेण्याचा सेंद्रिय शेतीचा प्रयोग आहे. घराला लागणारं धान्य, डाळी, भाजी, फळं त्याच तुकड्यात पिकवायची, असा त्यामागचा विचार. जोडीला गुरुकुल आणि देशी गाईंची गोशाळा. प्रत्येकाला ते सगळं जमेल असं नाही. पण ताटातलं अन्न आपल्या रानात दिसलं पाहिजे, हा आग्रह मला शंभर टक्के पटतो.

म्हणून, श्रोतेहो, एक विनंती. आपल्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजतो आणि पुष्कळ शाळांनी त्यासाठी परसबागही केली आहे. पावसाळ्यात ती हिरवीगार असते. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागते आणि बाग पाण्यावाचून वाळून जाते. शाळेलगत ज्यांची विहीर किंवा बोअर आहे, त्यांनी उसाच्या पाळीतली आठवड्याची तासभर मोटर त्या बागेकडे वळवावी. शेवग्याची चार झाडं आणि कढीपत्ता जगला, तरी जूनमध्ये मुलांच्या आमटीत तो पडेल. उद्या सकाळीच मुख्याध्यापकांना भेटा आणि पाण्याचा वार ठरवून टाका.