मोहरीएवढं कवच, डोंगराचं वय



बारावीनंतर लेक म्हणाली, "आई, मी भूशास्त्र घेणार." घरात लगेच प्रश्न आला, "दगडात काय ठेवलंय?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आज सांगते.

आपल्या अंबाबाईच्या देवळाचा, जुन्या वाड्यांच्या जोत्याचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. आज मात्र त्याहून फार जुन्या, समुद्रात साठलेल्या दगडाची गोष्ट आहे. त्यासाठी डेहराडूनजवळच्या मालदेवताला जावं लागतं.

तिथे खतासाठी फॉस्फेटचा दगड काढत. 'ताल' नावाचे हे थर डायनासोरांच्या काळातले, असं बरेच भूशास्त्रज्ञ मानत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आझमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांत जेमतेम मोहरीएवढे जीवाश्म मिळाले.

असे जीवाश्म काढतात कसे? शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो ना? आम्ल चुन्याचा दगड खातं. तसाच दगड सौम्य आम्लात ठेवतात. चुना विरघळतो, फॉस्फेटची कवचं तळाशी उरतात. मग तो गाळ धुवायचा, चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओल्या कुंचल्याने टिपायचा. आपण तांदूळ निवडतो, तसंच की हे!

मालदेवताच्या दगडात काय निघालं? ॲनाबराइट्स नावाची इवलीशी नळी. आडवी कापली तर तीन पाकळ्यांची दिसते. प्रोटोहर्ट्झिना नावाचा बाकदार काटा. भक्ष्य पकडणाऱ्या एखाद्या किड्याचा असावा. हेच जीव सायबेरियात आणि चीनमध्ये कॅम्ब्रियन काळाच्या सुरुवातीच्या थरांत मिळतात. म्हणजे सुमारे ५३ कोटी वर्षांपूर्वीचे! प्राण्यांनी अंगावर कवच, काटे धरायला नुकती सुरुवात केली होती. जमिनीवर तेव्हा झाडही नव्हतं.

जिथे हे जीव मिळाले, ते थर एका झटक्यात तीस-चाळीस कोटी वर्षांनी म्हातारे ठरले. हिमालयाच्या त्या भागाचा इतिहास नव्याने मांडावा लागला.

दगडात हे ठेवलंय, मैत्रिणींनो. ते शोधायला लागते बारीक नजर आणि चिकाटी. ती आपल्या मुलींकडे आहेच. घरात कुणी दगड गोळा करत असेल, तर "कचरा टाकून दे" म्हणण्याआधी एकदा विचारा, "यात काय दिसलं गं तुला?"