एक घाट, दोन मापे



कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला जादा इंजिने लागतात, आणि तेवढ्यात आपण बटाटेवडा खाऊन घेतो. समोरचा घाट कोणी बांधला, आणि बांधणाऱ्यांना काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही. आज आम्ही ते विचारणार आहोत.

बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढू लागली. २५ बोगदे, ८ मोठे पूल, आणि चढण ३७ फुटांस १ फूट! ऐन भरात ४० हजारांवर माणसे तेथे खपत होती. देखरेखीला विलायतेहून आणलेले गोरे. सुरुंग ठासायला, पाट्या वाहायला आपले लोक. गोऱ्याच्या पगाराचे माप निराळे. कारण काय, तर तो घरापासून लांब आला, येथली हवा त्याला मानवत नाही, जिवाला धोका आहे.

हे कारण खोटे नव्हते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आले आणि थोड्याच आठवड्यांत वारले. पुढे कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी सांभाळले. पण मजूर तरी कोठे घरी होते? कितीतरी जण दूरच्या मुलखातून बायकापोरांसह आलेले. पटकीच्या साथीत ते पटापट मेले. १८५९ च्या जानेवारीत तर मजुरीच्याच तक्रारीवरून घाटात दंगा उसळला. अंतर दोघांनीही तोडले होते. हिशेबात धरले गेले ते एकाचेच.

ही रीत रेल्वेपुरती राहिली नाही. गोऱ्या नोकरशाहीचा बोजा १८९७ साली दादाभाई आणि गोखले यांनी वेल्बी कमिशनपुढे मांडला. तरीही १९२४ साली ली कमिशनने गोऱ्या अधिकाऱ्यांचा समुद्रपार भत्ता वाढवावा, अशीच शिफारस केली.

कोणी म्हणेल, परक्या तज्ज्ञाला जास्त द्यायचेच नाही काय? जरूर द्यावे. प्रवासखर्च द्यावा, दुसऱ्या बिऱ्हाडाचा खर्च द्यावा. पण तो भत्ता म्हणून, उघड. कामाचे मोल मात्र एकच असावे. आखाती देशांत आपल्या मुलांचा पगार पासपोर्ट पाहून ठरतो, तेव्हा हे आपल्याला चटकन कळते.

मग घरचेही कळावे. आपल्या कर्जत-खालापुरातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन दूरच्या वीटभट्ट्यांवर जातात. साहेब लांब आला म्हणून त्याचा पगार वाढला. कातकरी लांब गेला की त्याच्या अंगावर कर्ज चढते. गोरा साहेब गेला, पण त्याचे माप आपल्याच हातात राहिले आहे. ते टाकायला तरी कोणा विलायती तज्ज्ञाची गरज नाही.