परसातील काळी आई



अकोला-अमरावतीकडील आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकटते. तिची भूक सेंद्रिय द्रव्याची आहे. आपण मात्र पालापाचोळा व पऱ्हाटी जाळून तिच्या तोंडचा घास काढून घेतो. शेण अपुरे, ही सबबही टिकत नाही. आपल्या वऱ्हाडातीलच पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा झरोकेदार विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर रचून वरून लिंपतात. सुमारे १०० किलो शेण पुरते. ओलावा राखल्यास तीन-चार महिन्यांत खत सिद्ध होते. परसबागेस लहान टाकेही पुरे. यंदा कचऱ्यास काडी न लावता तो मातीस परत द्यावा, एवढीच नम्र विनंती.