क्षिप्रेवरची होडी

उज्जयिनीचे नाव काढताच मराठी माणसाला महाकाल आठवतो, शिंद्यांची जुनी राजधानी आठवते, रामघाटावरील सिंहस्थाचे स्नान आठवते. परंतु या शहराच्या नदीवर आपण स्वतः वल्हे हाती धरून जावे, असा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. रामघाटावर भाड्याच्या होड्या आहेत. पण तेथे वल्हे नावाड्याच्या हाती आणि आपण केवळ उतारू.

श्रोतेहो, कयाक नावाच्या होडीची तऱ्हा निराळी आहे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी शिकारीसाठी लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ही अरुंद होडी बनविली. आज ती बहुधा प्लॅस्टिकची असते. वल्हे एकच, परंतु त्याला दोन्ही टोकांस पाती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे सारावयाचे. बसणारा पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच असतो आणि वल्ह्यावरचे पाणी त्याच्या मनगटावर ओघळते. अहिल्याबाईंच्या महेश्वरी, सहस्रधारेच्या खळाळात, २०२३ साली ‘खेलो इंडिया’च्या अशा होड्यांच्या स्पर्धा झाल्या. भोपाळच्या मोठ्या तलावावर या खेळाचे शिक्षण दिले जाते. मग अशी होडी रामघाटावर तासाच्या भाड्याने का मिळू नये?

याचे उत्तर होडीत नाही, नदीत आहे. क्षिप्रा पावसाळ्यात लहान पूल बुडवून घाटावरील देवळांत शिरते आणि उन्हाळ्यात तिची धार क्षीण होते. म्हणून नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे ३५० मीटर चढवून तिच्या उगमाशी सोडण्याची योजना २०१४ साली सुरू झाली. दुसरीकडे, इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी त्रिवेणीपाशी तिला मिळते. ते पाणी शहराबाहेरून वळविण्यासाठी २०१६ च्या सिंहस्थाच्या वेळी नळवाहिनी घालण्यात आली. पुढचा सिंहस्थ २०२८ साली आहे.

पर्वकाळापुरती नदी शुद्ध राखणे मोठ्या खर्चाने साधता येते. भाड्याची होडी मात्र पूर ओसरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, रोज, शुद्ध पाणी मागते. भाविक डोळे मिटून बुडी घेतो. वल्हे मारणाऱ्यास डोळे उघडेच ठेवावे लागतात. पाण्याचा रंग, वास आणि त्यावर वाहणारे निर्माल्य त्याच्यापासून लपत नाही. असे शंभर तरुण रोज नदीवर उतरले, तर तिची परीक्षा बारा वर्षांनी न होता रोज होईल.

पुराच्या दिवसांत होडी बंद असावी, जीवरक्षक जाकिटावाचून कोणास सोडू नये, आणि या नदीचे खोल-उथळ जाणणाऱ्या घाटावरच्या नावाड्यांकडेच हे काम सोपवावे. त्यांच्या हातचे वल्हे नव्या पिढीकडे जाताना त्यांचा रोजगार जाऊ नये. मात्र या साऱ्याच्या आधी मनगटावर ओघळणारे पाणी निःशंकपणे अंगावर घेता यावे, असे असावयास हवे. जे पाणी खेळणाऱ्या मुलाला चालत नाही, ते देवाला तरी कसे चालावे?