घरातलं मरण आणि आपली साक्ष

ताई-माईंनो, घरची कामं आटोपून, कुणी भाकरी थापता थापता, कुणी कापूस वेचून आल्यावर पाय पसरून आमचं ऐकत असाल. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या बाया. एरवी या वेळेला आम्ही कर्जाचा हप्ता, बँकेचं खातं, पापड-मसाल्याचा बाजार यावर बोलतो. आज विषय वेगळा आहे आणि जड आहे. एखादी तरुण बाई स्वतःच्या घरात मरण पावते, तेव्हा खरं काय झालं ते कसं शोधतात? आणि त्या शोधात शेजारणीचं, गटातल्या बाईचं काम काय?

सुरुवात नांदेड जिल्ह्यातल्या एका गावापासून करू. नोव्हेंबर १९९६ ची गोष्ट. एका लेकीच्या माहेरी निरोप आला की तुमची मुलगी साप चावून गेली. आपल्याकडे या निरोपावर कोण शंका घेईल? त्या दिवसांत वावरात साप निघतातच. पण माहेरच्यांना ठाऊक होतं की नवऱ्याला टेम्पो घ्यायला पंचवीस हजार रुपये आण म्हणून तिला छळत होते. शवविच्छेदन झालं. साप चावल्याची खूण अंगावर कुठेच नव्हती. गळा दाबल्यानं मरण आलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं तो देशभरच्या वकिलांना माहीत आहे. ११ ऑक्टोबर २००६ रोजी न्यायालयानं नवऱ्याची जन्मठेप कायम ठेवली. गळा दाबताना पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. तरी शिक्षा कशी झाली? न्यायालयानं सांगितलं ते सोप्या भाषेत असं: घराच्या चार भिंतींच्या आत, आपल्या सोयीच्या वेळी केलेल्या गुन्ह्याला बाहेरचा साक्षीदार मिळणं फार अवघड असतं. म्हणून आधी सरकारी पक्षानं आपली बाजू पुराव्यानं उभी करायची. पण त्यानंतर, बाई मेली तेव्हा घरात काय झालं, हे घरातल्या माणसांनी सांगितलं पाहिजे. ते गप्प राहिले किंवा खोटं बोलले, तर ते गप्प राहणं आणि ते खोटंही त्यांच्याविरुद्ध पुराव्याच्या साखळीतली एक कडी होते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०९ आहे.

पण बायांनो, या खटल्यात शवविच्छेदनच झालं नसतं तर? सापाची गोष्ट सापाचीच राहिली असती.

हे आम्ही वरवर बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका गटातली सून गेली. गावाचं आणि तिचं नाव सांगत नाही. सकाळी कळलं, छातीत कळ आली आणि संपली. वय पंचविशीच्या आत. आम्ही धावत गेलो. आपल्या पद्धतीप्रमाणे पाणी तापवलं, तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. ती पडली होती ती जागा कुणीतरी झाडली, कुणीतरी शेणानं सारवली. दुपारपर्यंत सगळं उरकलं. तिची आई यवतमाळकडून एसटी बदलत बदलत आली, तेव्हा चिता विझत आली होती.

ती रडली नाही. आमच्याकडे पाहून म्हणाली, "तुमी आंघोळ घातली न तिले? मंग तिचा गळा तुमाले दिसलाच असन."

दिसला होता. कानाच्या खाली निळसर काहीतरी होतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं होतं आणि पदर सारखा केला होता. तिची सासू आमच्याच गटात बसायची. 'घरचा मामला आहे, आपण कोण?' असं प्रत्येकीला वाटलं. ती खूण कशाची होती, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. आजारानंही असेल. आम्ही कुणावर आळ घेत नाही. पण ते कळायचा जो एक मार्ग होता, तो आम्ही आमच्याच हातानं धुतला आणि सारवला. दहन झाल्यावरही पोलिसांत तक्रार देता येते, हेही आम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या दिवशी आम्ही गेलो असतो का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो आणि उत्तर देताना मान खाली जाते.

म्हणून आम्ही शिकायचं ठरवलं. वकीलताईंना बोलावलं, जुने खटले समजून घेतले. त्यातला एक पुण्याचा. मंजुश्री सारडा. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये सासरच्या घरात सायनाईडच्या विषानं ती गेली. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. पण १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. तिनं बहिणीला, मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिचं दुःख होतं. पण त्या दुःखातून तिनं स्वतःच विष घेतलं असण्याची शक्यता पुरावा खोडून काढू शकला नाही. न्यायालयानं सांगितलं, संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. साखळी पूर्ण हवी आणि तिच्यातून एकच अर्थ निघायला हवा. ही पाच तत्त्वं आजही प्रत्येक कोर्टात सांगितली जातात.

पुण्यातल्या बाया तेव्हा गप्प बसल्या नाहीत. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन गावोगावी नेलं. त्याच काळात देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि कायदे बदलले. १९८३ मध्ये सासरच्या छळाचं कलम ४९८-अ आलं. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं.

आता आपल्या जिल्ह्याचं. हिंगणघाटला ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून दिलं. सात दिवसांनी नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. आपण सगळ्या तेव्हा हळहळलो, मोर्चात चाललो. आरोपी त्याच दिवशी पकडला गेला, महिनाभराच्या आत दोषारोपपत्र दाखल झालं आणि १० फेब्रुवारी २०२२ रोजी, तिच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, हिंगणघाटच्या न्यायालयानं जन्मठेप सुनावली. ते कृत्य भर चौकात झालं होतं. पाहणारे होते आणि ते कोर्टात उभे राहिले. घरातल्या मरणाला चौक नसतो. तिथं पहिल्या दोन-चार तासांत जे जपलं जातं, तोच पुरावा. आणि त्या दोन-चार तासांत घरात पोलीस नसतात, डॉक्टर नसतात. आपण असतो.

तर काय करायचं? एकेक गोष्ट सांगतो.

पहिली गोष्ट जीव. धुगधुगी असेल तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. फास असेल तर दोर कापायचा, पण गाठ सोडायची नाही. गाठीपासून दूर कापायचा. गाठ कशी मारली होती, यावरून तपासणाऱ्याला पुष्कळ कळतं.

दुसरी, जीव गेलेला असेल तर हात लावायचा नाही. आंघोळ नाही, कपडे बदलणं नाही, झाडणं-सारवणं नाही. चहाचा कप, औषधाची बाटली, रॉकेलचा डबा, फुटलेल्या बांगड्या, तिचा मोबाईल, सगळं जिथल्या तिथं. हा तिचा अपमान नाही. तिची शेवटची आंघोळ थोडी उशिरा झाली तर चालेल.

तिसरी, ११२ नंबर फिरवायचा आणि पोलीस पाटलांना सांगायचं. संशयास्पद मरणाची खबर पोलिसांना देणं हे पोलीस पाटलांचं कामच आहे. माहेरी फोन आपण स्वतः करायचा, कुणी केला असेल यावर राहायचं नाही.

चौथी, मरणोत्तर पंचनामा. पोलीस पंचांसमोर अंगावरच्या खुणा लिहून घेतात. पंच म्हणून बाईही बसू शकते. आपण पुढे व्हायचं. जे दिसलं ते लिहिलं का, ते वाचून घ्यायचं आणि मगच सही करायची.

पाचवी, लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि मरण आत्महत्येचं किंवा संशयाचं असेल, तर शवविच्छेदन करावंच लागतं आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडूनही चौकशी होते. आपल्याकडे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार हे काम करतात. लग्नाला सातच्या वर वर्षं झाली असली तरी संशय असेल तर शवविच्छेदन होतं. "चिरफाड कशाला, पोरीचे हाल कशाला?" असं कुणी म्हटलं तर सांगा, आता बोलू शकतं ते तिचं शरीरच. फाशीचा वळ बहुतेक वेळा तिरपा, वर चढत गेलेला असतो. दोरीनं आवळल्याचा वळ बहुधा गळ्याभोवती सरळ असतो. जळालेल्या बाईच्या श्वासनलिकेत काजळी सापडली, तर आग लागली तेव्हा ती जिवंत होती हे कळतं. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. हे सगळं डॉक्टर पाहतात, पण शरीर त्यांच्यापर्यंत पोचलं तरच.

सहावी गोष्ट साक्षीची. बाईला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. ती राहते तिथं पोलिसांनी येऊन जबाब घ्यायचा असतो. पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही करायची नसते, हेही लक्षात ठेवा. आणि सांगायचं तेवढंच, जेवढं आपण पाहिलं, आपल्या कानांनी ऐकलं. तिखट-मीठ लावलेली साक्ष उलटतपासणीत एका मिनिटात गळून पडते आणि खऱ्या गोष्टीलाही सोबत घेऊन जाते. निर्दोष माणूस अडकू नये, हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

सातवी गोष्ट खास आपली, गटाची. मेलेली बाई जिवंतपणी आपल्या छळाबद्दल, आपल्या जिवाच्या भीतीबद्दल जे बोलली, ते कायद्यात पुरावा म्हणून येऊ शकतं. ती कुणाशी बोलते? आईशी, बहिणीशी आणि आठवड्याच्या बैठकीत आपल्याशी. आमच्या त्या मैत्रिणीनं शेवटच्या सहा महिन्यांत दोनदा अंतर्गत कर्ज मागितलं होतं. पैसे तिला नको होते, तिला पाठवलं होतं. हे आम्हाला कळत होतं. तरी वहीत 'कर्जाचं कारण' या रकान्यात आम्ही काय लिहिलं? 'घरखर्च.' दोन्ही वेळा 'घरखर्च.' नंतर ती तीन बैठकांना आली नाही, तेव्हा आम्ही पाच-पाच रुपये दंड लावला. ती वही आजही आमच्या पेटीत आहे.

आता आमच्या गटांनी ठराव केला आहे. बाई सलग दोन बैठकांना आली नाही तर दंड नाही, दोघीजणी घरी जातात. "काय गं, बरी आहेस ना?" एवढंच विचारतात आणि ती एकटी असताना विचारतात. कर्जाचं खरं कारण काय हे अध्यक्ष-सचिव तिच्याकडून वेगळं, विश्वासानं समजून घेतात. तिनं हो म्हटलं तर तारीख घालून वेगळ्या कागदावर लिहितात आणि तो कागद तिला सोयीचं असेल तिथं ठेवतात, सासूच्या हाती लागेल तिथं नाही. १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आम्ही पासबुकच्या मागच्या पानावर लिहून दिला आहे. पासबुक पाहिलं तर कुणाला संशय येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र आहे, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. मरणानंतरच्या तपासापेक्षा जिवंतपणीची ही चौकशी कधीही मोलाची.

मागच्या पावसाळ्यात एका गटातल्या दोघी अशाच एका घरी गेल्या. पोरगी दारातच उभी राहिली, काही बोलली नाही. त्याही काही बोलल्या नाहीत, चहा पिऊन आल्या. पुढच्या आठवड्यात परत गेल्या. तिसऱ्या वेळी तिनं पासबुक मागितलं. आज ती माहेरी आहे, शिवणकाम करते आणि तिचा अर्ज न्यायालयात चालू आहे. तिचं पुढं काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण ती आहे. हप्ता वेळेवर भरते.

त्या दुसऱ्या आईला आम्ही दोन वर्षांनी भेटायला गेलो होतो. माफी मागितली. तिनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. निघताना एवढंच म्हणाली, "आता कोणाची पोर गेली तं सारवू नका गा."

बायांनो, आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल. तिचं एवढं वाक्य लक्षात ठेवा आणि येत्या बैठकीत गटाला सांगा.