पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

मैत्रिणींनो, पर्समध्ये ठेवायला छोटं रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल, असं मघाशी एकीनं विचारलं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या पाच-सहाच, पण चालवायला सोपं. पिस्तूल चपटं, लपवायला सोयीचं, गोळ्या जास्त. पण सराव अधिक हवा. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचारानंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात! धुणीभांडी करणारीला हे परवडेल?

आणि धोका फक्त रस्त्यावरच आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) लग्न झालेल्या शंभरातल्या २९ जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. घरातलं हत्यार शेवटी ज्याच्या मनगटात जोर, त्याचंच होतं.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारते : नवऱ्याकडे परवान्याचं हत्यार आहे का? असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडच्या तक्रारीत ते लिहाच. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १७ खाली सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना रद्द होऊ शकतो.

आपल्या पर्समध्ये हत्यार ठेवण्याआधी, त्याच्या कपाटातलं बाहेर काढू या.