पाठ आपली, वजन कुणाचे?

(शाखेच्या सुरक्षा-वर्गात केलेले भाषण)



पार्सल ऑफिसात किंवा आरएमएसमध्ये कुणाची कंबर धरली, की वरून पहिला प्रश्न येतो, "नीट उचलता येत नाही का?" आज या प्रश्नाचाच विचार करू.

पाठीचे स्नायू मणक्यांमधल्या चकतीच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. २० किलोचा थैला अर्धा मीटर पुढे धरला, तर तरफेच्या नियमाने त्यांना दहापट, म्हणजे २०० किलोंचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. थैला अंगाशी घेतला की हा जोर निम्म्यावर येतो. म्हणून ओझ्याजवळ उभे राहा, गुडघ्यांत वाका, ओझे पोटाशी धरा. वळताना कंबर पिळू नका, पाऊल टाकून वळा. रूळ उचलताना गँगमध्ये एकच जण आवाज देतो आणि सगळे एका दमात जोर लावतात. दोघांनी पेटी उचलतानाही हीच शिस्त हवी.

पण पद्धत शिकल्याने वजन कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा आहे. हा कमाल आकडा आहे, सुरक्षित वजन नव्हे. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये दिलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी २३ किलोच धरले आहेत. आणि आपली परिस्थिती कशी? गाडी थांबणार दोन मिनिटे, पेटीला कडी नाही, हातगाडीचे एक चाक फिरत नाही. अशा वेळी नीट उचलायचे म्हणजे कसे, ते प्रश्न विचारणाऱ्यानेच करून दाखवावे!

तेव्हा मागण्या साध्या आहेत: प्रत्येक नगावर वजन ठळक लिहिलेले असावे, जड नगाला दोन माणसे मिळावीत, चालत्या हातगाड्या पुरेशा असाव्यात.

आपलीही जबाबदारी आहे. मर्दुमकी दाखवायला एकट्याने उचलू नका. दुखापत झाली तर त्याच दिवशी लेखी नोंद करा. नाहीतर उद्या "घरी लचक भरली असेल" असे ऐकावे लागेल. कळ पायात उतरली, पाय बधिर झाला तर डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा गेला तर तासभरही थांबू नका.

आता प्रत्येकाने आपल्या ठिकाणच्या मोडक्या हातगाड्या किती ते सांगावे. निवेदन आजच लिहू.